बोट उठंना? फिन मागवण्याआधी आणि मागवल्यावर

नांदेडात राहून मी आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लटकणाऱ्या, इंजिनांचं काम करतो. विष्णुपुरी, येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, ईसापूर, जिथं मासेमारीचा ठेका आहे तिथल्या बोटी माझ्याकडं येतात. जून तोंडावर आला की पुरासाठी ठेवलेल्या बचावाच्या बोटीही तपासायला येतात. गिऱ्हाईक सोसायटीचं असो, गुत्तेदार असो की सरकारी, तक्रार ठरलेली असते. "इंजिन गरगरा फिरतंय, पण बोट उठंना." आणि त्याच्या पाठोपाठ मोबाईल पुढं येतो. "ही काळी फिन बघा दादा. इंजिनाला लावली की बोट लगेच उठती म्हणं. मागवू का?"

मागवा, पण सगळ्यात शेवटी. फिन, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागाला जोडायचा रुंद पंख, कामाची वस्तू आहे, मी स्वतः बऱ्याच बोटींना बसवली आहे. पण इंजिन चुकीच्या उंचीवर लटकलंय, पंखा (प्रोपेलर) चुकीचा आहे, सगळं वजन मागं साचलंय, अशा बोटीला फिन लावली की मूळ दुखणं झाकलं जातं आणि पेट्रोल तेवढंच जळत राहतं. म्हणून मी ज्या क्रमानं काम करतो त्याच क्रमानं इथं सांगतो. पहिल्या तीन गोष्टींना पैसे जवळपास लागतच नाहीत.

बोट उठते म्हणजे काय होतं

हळू चालणारी बोट पाणी बाजूला सारत जाते आणि स्वतःच केलेल्या लाटेत अडकते. या चालीला मर्यादा आहे. पाण्यात भिजणारी लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, वेग नॉटमध्ये मिळतो. आपल्याकडच्या १६ फुटी फायबर बोटीची भिजणारी लांबी साधारण १५ फूट धरली तर उत्तर ५.२ नॉट, म्हणजे ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास येतं. त्यापुढं जायचं तर बोटीला आपलीच पुढची लाट चढून वर यावं लागतं. चढताना नाक आभाळाकडं जातं, मागची बाजू बसते, चालवणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही. चढून झाली की नाक खाली येतं, बोट पाण्यावर घसरायला लागते आणि आवाजच बदलतो. इंजिन मोकळं होतं, थ्रॉटल थोडं मागं घेतलं तरी वेग टिकतो.

सगळा खेळ त्या चढाचा आहे. चढावर सगळ्यात जास्त ताकद लागते, नेमकी तिथंच आपली बोट दम तोडते. मासेमारीच्या बोटीचं यात पेट्रोल जातं. बचावाच्या बोटीचं त्याहून फार मोठं नुकसान होतं. २०२१ च्या सप्टेंबरात मांजरेला पूर आला, २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा मराठवाड्यातल्या नद्या गावांत शिरल्या. अशा पाण्यात ताशी साडेनऊ किलोमीटरवर अडकलेली बोट ओढीच्या विरुद्ध जवळपास जागेवरच उभी राहते. पलीकडं माणसं छपरावर बसलेली असतात. म्हणून हे काम मी कधी वरवर करत नाही, तुम्हीही करू नका.

आधी वजन

बोट जमिनीवर घ्या आणि तळाचं बूच काढा. नुसतं पाणी गळून जाऊ द्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि दुहेरी तळाच्या जुन्या फायबर बोटीत आतला फोम भिजला असेल तर किती किलो ओझं तुम्ही रोज फिरवताय ते कळतही नाही. फळीला बोटाच्या पेरानं ठोकून बघा. कोरडी फळी टणटण वाजते, भिजलेली भदभद. भिजलेला फोम वाळत नाही, फळी उघडून काढावाच लागतो.

मग मागं काय काय आहे ते बघा. चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन सत्तरेक किलोचं असतं, तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक नव्वदच्या पुढं जातं. त्याला टेकून २४ लिटरची टाकी, म्हणजे भरल्यावर पेट्रोलचंच १८ किलो. शेजारी बॅटरी, नांगर, ओली जाळी, आणि चालवणारा. वर आणखी एकजण मागंच बसतो, कारण पुढं पाणी उडतं. टाकी चार-पाच फूट पुढं सरकवा. नळी लांब लागेल, पण आतला व्यास पहिल्याएवढाच ठेवा आणि जोडांना नवे क्लिप लावा. पंपाचा रबरी फुगा इंजिनाच्या बाजूलाच राहू द्या. नांगर आणि दोरखंड पार नाकात. मागं फक्त चालवणारा.

येलदरीला एका काकांच्या बोटीचं एवढंच केलं होतं. पुतण्यानं फिनचे पैसे खिशात घालून आणले होते. टाकी पुढं नेली, जाळ्याची पाटी मधल्या फळीच्या पुढं ठेवली, दोघांना पुढं बसवलं. काकांनी थ्रॉटल ओढलं आणि नाक वर जाऊन तसंच खाली आलं. "आरं, हे आधीच कामून नाही केलं?" ते पुतण्याला म्हणाले. ते पैसे पुढं नव्या पंख्याला लागले.

वजन बघतानाच तळही बघून घ्या. गवंडी वापरतात ती अॅल्युमिनियमची सरळ पट्टी घ्या आणि बोटीच्या मागच्या चार-पाच फुटांत, लांबीच्या दिशेनं, तळाला लावून धरा. पट्टी आणि तळ यांच्यात मध्येच फट दिसली, म्हणजे तळ आत खचलाय, तर बोट नाक खाली दाबून पळते आणि वेग मरतो. पट्टी मध्ये टेकून मागच्या टोकाला उघडी राहत असेल, तर बोट पळताना नाक वरखाली आपटत राहते. ट्रॉलीवर आधार चुकीच्या जागी असतील आणि बोट वर्षभर उन्हात तशीच पडून असेल तर तळ असा बिघडतो. हे फायबरच्या कारागिराचं काम आहे, इंजिनाला काही लावून ते सुधारत नाही.

इंजिनाची उंची

पंख्याच्या वर इंजिनाला एक आडवी पाती असते. सगळे तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. तिचं खरं काम वरची हवा पंख्यापर्यंत खेचली जाऊ न देणं हे आहे. बोट सपाट उभी करा, इंजिन सरळ खाली सोडा, तळाच्या रेषेत पट्टी धरून मागं न्या. प्लेट तळाच्या रेषेत किंवा फार तर एक इंच खाली असावी. तिथून सुरुवात करायची.

आपल्याकडं इथंच सगळ्यात जास्त घोळ असतो. इंजिनाच्या दांड्याची लांबी १५ इंच, २० इंच आणि २५ इंच अशी येते. बोट एकाकडून घेतली, इंजिन दुसऱ्याकडून, आणि दोघांनी एकमेकांना विचारलंच नाही, असं फार होतं. बचावासाठी घेतलेली एक बोट माझ्याकडं आली होती. मागची फळी १५ इंची आणि इंजिन २० इंची. प्लेट तळाच्या पाच इंच खाली. एवढा लांब पाय पाण्यात ओढत कुठली बोट उठणार? वर उडणारं पाणी सगळं आत येत होतं ते वेगळंच. याच्या उलट, २० इंची फळीवर १५ चं इंजिन बसलं तर पंख्याला हवा लागते, इंजिन किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही.

इंजिन वर घ्यायचं असेल तर मागच्या फळीवर सागवानाची किंवा जाड अॅल्युमिनियमची पट्टी आरपार बोल्टनं कसा. नुसतं इंजिनाच्या कब्जात (क्लँपमध्ये) दाबलेलं लाकूड चालणार नाही, ते निसटलं की इंजिन पाण्यात जातं. इंजिनाला सुरक्षेची साखळी हवीच. एका वेळी अर्धा-पाऊण इंचच वर घ्या आणि प्रत्येक वेळी चालवून बघा. बोट उठलेली असताना मागं बसवलेल्या माणसाला प्लेटकडं बघायला सांगा. पाणी प्लेटच्या वरच्या अंगाला नुसतं घासून जातंय, प्लेट मधूनमधून दिसतेय, ही जागा बरोबर. प्लेट फेसात पूर्ण बुडालेली असेल तर इंजिन अजून खाली आहे. वळणावर इंजिन एकदम सुटल्यासारखं फिरत असेल तर जास्त वर गेलंय, एक पायरी खाली या. आणि इंजिन थंड ठेवून बाहेर पडणाऱ्या पाण्याची बारीक धार पिचकारीसारखी सतत यायला हवी. धार तुटली तर उंची कितीही सोयीची वाटली तरी ती चालणार नाही.

पिनेचं भोक

इंजिनाच्या कब्जाला चार-पाच भोकं असतात आणि त्यातल्या एकात आडवी पिन असते. पिन बोटीकडच्या भोकात असेल तर इंजिनाचा पाय आत येतो, नाक खाली राहतं आणि बोट लवकर उठते. पिन बाहेर नेली तर नाक वर येतं, सपाट पाण्यावर थोडा वेग वाढतो, पण जास्त बाहेर नेली की नाक एका लयीत वरखाली आपटायला लागतं. फार आत घेतली तर नाक पाणी नांगरतं, आणि बोट हँडल वळवण्याआधीच एका बाजूला ओढ घेते. ओझं जास्त असेल तर एक भोक आत, रिकामी बोट एक भोक बाहेर. कित्येक बोटींची पिन कारखान्यातून आली त्या भोकात गंजून बसलेली मी काढली आहे. चिमट्यानं निघत नसेल तर भेदक तेल मारून रात्रभर ठेवा.

पंखा

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा लोण्यातून गेल्यासारखा किती पुढं जाईल ते. पाण्यात तो तेवढा जात नाही, थोडा घसरतो. हिशोब असा: इंजिन मिनिटाला ५,००० फेरे फिरतंय, गिअर दोनास एक, म्हणजे पंखा २,५००. पिच ११ इंच असेल तर कागदावरचा वेग ताशी जवळपास ४२ किलोमीटर. हलकी बोट दहा-पंधरा टक्के घसरण धरून ३६-३७ ला पोचली तर पंखा ठीक काम करतोय. पार २५ वर अडकली तर काहीतरी गडबड आहे.

पण पंखा बरोबर की चूक हे वेगावरून ठरत नाही, फेऱ्यांवरून ठरतं. फेरे मोजायला प्लगच्या वायरीला गुंडाळायचा साधा टॅकोमीटर मिळतो, तो एकदा घेऊन ठेवा. नेहमीचं ओझं भरा, पूर्ण थ्रॉटल द्या आणि फेरे वाचा. पुस्तकात दिलेल्या पट्ट्यात ते यायला हवेत. बऱ्याच टू-स्ट्रोकना ४,५०० ते ५,५०० असतो, बऱ्याच फोर-स्ट्रोकना ५,००० ते ६,०००. तुमच्या इंजिनाचं पुस्तक शेवटचा शब्द. फेरे कमी पडत असतील तर पिच कमी करा, जास्त होत असतील तर वाढवा. एक इंच पिचला साधारण दीड-दोनशे फेरे बदलतात.

मराठवाड्यात याला एक जास्तीचं कारण आहे आणि ते कोणी धरत नाही. किनाऱ्यावर समुद्रसपाटीला निवडलेला पंखा इकडं येतो. नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ४६३ मीटरच्या वर आहे. दर तीनशे मीटरला इंजिनाची ताकद साधारण तीन टक्के उतरते. त्यात मे महिन्याचं ऊन. हवा २५ अंशांवरून ४२ वर गेली की ती आणखी पाचेक टक्के विरळ होते. म्हणजे चाळीसचं इंजिन उन्हाळ्यात छत्तीसासारखं वागतं. शिवाय गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, बोट त्यात थोडी जास्तच बसते. म्हणून कोकणातल्या भावानं सांगितलेला पंखा आपल्याकडं एक इंच कमी पिचचा घेतला तर बहुतेक वेळा जमतो. बचावाच्या बोटीला तर मी डोळे झाकून कमी पिच सुचवतो. तिथं शेवटच्या चार किलोमीटर वेगाचं काही काम नाही, भरलेली बोट पटकन उठणं महत्त्वाचं.

तीन पात्यांऐवजी चार पात्यांचा पंखा मागची बाजू जास्त उचलतो आणि कमी वेगावर बोट उठलेली ठेवतो. तो लावताना पिच एक इंच कमी घ्या, नाहीतर फेरे पडतील. पात्याची कडा दगडाला लागून वाकली असेल, तर नवा पंखा घेण्याआधी ती सरळ करून बघा. बाभळीच्या खोडांनी भरलेल्या पाण्यात अॅल्युमिनियमचाच पंखा ठेवा. स्टीलचा वाकत नाही, पण धक्का मग गिअरवर जातो.

आता फिन

एवढं सगळं केल्यावरही बोट ओझ्यानं उठायला वेळ लावत असेल, किंवा थ्रॉटल जरा मागं घेतलं की बसत असेल, तर फिनची वेळ आली. ती प्लेटला मागच्या बाजूनं जोडलेला रुंद पंख असतो. पंख्याचं फेकलेलं पाणी तिच्या खालून जातं, ती मागची बाजू वर ढकलते, आणि नाक आपोआप खाली येतं. बोट आधीपेक्षा कमी वेगावर उठते, कमी वेगावर उठलेली राहते, नाकाचं आपटणं कमी होतं. लाटांत आणि वळणावर पंख्याला हवा लागणंही कमी होतं.

त्याची किंमत अशी. इंजिन पहिल्याच उंचीवर ठेवलं तर फिन पाण्यात ओढली जाते आणि वरचा वेग थोडा उतरतो. म्हणून फिन बसवल्यावर इंजिन एक पायरी वर घ्यायचं, म्हणजे उठलेल्या बोटीची फिन पाण्यावर नुसती घसरेल. पिनही बहुतेकदा एक भोक बाहेर न्यावी लागते, कारण मागची बाजू उचलल्यानं नाक जास्त खाली जातं. हे केलं नाही आणि मोठ्या धरणात वारा सुटल्यावर लाटा पाठीमागून आल्या, तर नाक पुढच्या लाटेत घुसतं आणि बोट एकदम आडवी ओढते. जूनच्या वाऱ्यात नाथसागर, माजलगाव ही पाणी साधी नाहीत.

फिन दोन तऱ्हेची. एक भोकं पाडून बोल्टनं बसते, दुसरी प्लेटला कब्जासारखी चावून बसते. इंजिन वॉरंटीत असेल तर भोक पाडण्याआधी डीलरला विचारा. बचावाच्या बोटीला मी चावून बसणारीच लावतो, कारण तिथं इंजिनं बदलली जातात. मात्र तिचे स्क्रू कंपनानं सैल होतात, ते दर फेरीला हातानं तपासायचे. रोजच्या मासेमारीला बोल्टची चांगली. इंजिनाच्या हॉर्सपॉवरला साजेसा आकार घ्या. लहान इंजिनाच्या पातळ प्लेटला मोठी फिन लावली तर प्लेटच तडकते.

बोल्टची फिन अशी बसवा. किल-स्विचची (इंजिन बंद पाडणाऱ्या बटणाची) दोरी काढून ठेवा, बॅटरी असेल तर तीही सोडा. इंजिन वर उचलून त्याचा आधार लावा, खाली लाकडाचा ठोकळाही द्या. प्लेट साबणानं धुवा, शेवाळ आणि ग्रीस राहता कामा नये. फिन दोन भागांत असेल तर दोन्ही जागेवर धरा आणि फिनच्या प्रत्येक टोकापासून गिअरच्या खोक्याच्या मध्यरेषेपर्यंत मोजा. डावं-उजवं माप सारखं यायला हवं, दोन-तीन मिलीमीटरच्या आत. वाकडी फिन बोटीला कायम एका बाजूला ओढत राहील. प्लेटखाली मागं जो लहान तिरका तुकडा असतो, जस्ताचा किंवा रंगवलेला, त्याला फिन अडता कामा नये. आता इंजिन पूर्ण वर उचला, पूर्ण डावीकडं वळवा, पूर्ण उजवीकडं वळवा. फिन मागच्या फळीला किंवा ट्रॉलीला कुठं घासते का बघा. हे भोक पाडायच्या आधी बघायचं असतं.

खडूनं नाही, टोकदार सुईनं खुणा करा. सेंटर पंचचा हलका ठोका द्या, म्हणजे ड्रिल सरकणार नाही. आधी चार मिलीमीटरचं भोक, मग बोल्टच्या मापाचं. ड्रिल हळू फिरवा आणि टोकाला थेंबभर तेल सोडत राहा. अॅल्युमिनियम तापलं की बिटला चिकटतं आणि भोक फाटतं. प्लेटच्या कडेपासून हाताचं बोट-दीड बोट आत राहा, आणि पाणी आत घेणाऱ्या जाळीच्या जवळपास कुठंही ड्रिल लावू नका. भोकाची कडा कानशीनं घासा, उघड्या धातूला प्रायमर लावा आणि वाळू द्या. बोल्ट स्टेनलेस, खाली रुंद वायसर, वर नायलॉनचं कडं असलेला नट. बोल्टाच्या अंगाला मरीन सीलंट पुसा. कसताना प्लास्टिक दबून पांढरं पडायला लागलं की थांबा, तिथून पुढं ते तडकतं. पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा एकदा कसा.

विष्णुपुरीच्या फुगवट्यात जलपर्णी येते तेव्हा फिनला ती झुबक्यानं अडकते. थोडा वेळ रिव्हर्स देऊन सोडवा, नाही सुटली तर इंजिन बंद करून हातानं काढा. जे मच्छीमार रात्री स्वतःच्याच जाळ्यांवरून बोट नेतात त्यांना मी फिन लावूच देत नाही. नायलॉन फिनमध्ये गुंतून पंख्याकडं जातं, दांड्यावर गुंडाळलं की सील कापतं, आणि गिअरचं तेल दुधासारखं होतं. एका सीलचा खर्च फिनच्या वाचलेल्या पेट्रोलापेक्षा जास्त होतो. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बाभळीची खोडं वर येतात. तिथंही फिन पहिल्यांदा लागते, आणि भोकाची असेल तर प्लेटचा तुकडा घेऊन जाते.

बाकीचे जोड

मागच्या फळीला बसणाऱ्या ट्रिम टॅब, म्हणजे खालच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या दोन पात्या, हे काम फिनपेक्षा चांगलं करतात. एका अंगाला झुकलेली बोटही त्या सरळ करतात. मापाचा ठोकताळा असा, बोटीच्या दर फुटाला प्रत्येक बाजूची पाती एक इंच रुंद. पण फळीत भोकं, वायरी, पंप, आणि ट्रॉलीवर चढवताना मार खायची भीती. १४-१६ फुटी कामाच्या बोटीला मी त्या सुचवत नाही. वीस फुटांच्या पुढं, रोज प्रवासी नेणारी बोट असेल तर जरूर घ्या.

इंजिन मागं आणि वर नेणारी जॅक प्लेट उथळ पाण्यात उपयोगी पडते. पण इंजिन चार-सहा इंच मागं गेलं की त्याचं वजन आणखी मागून ओढतं, आणि आपल्या बोटींचं मूळ दुखणंच मागचं वजन आहे. नुसती उंची हवी असेल तर सागवानी पट्टी पुरे.

हँडल एका बाजूला ओढत असेल तर नवीन काही घेऊ नका. प्लेटखालचा तो लहान तिरका तुकडा त्याचसाठी आहे. बोट डावीकडं ओढत असेल तर त्याचं मागचं टोक डावीकडं वळवा, उजवीकडं ओढत असेल तर उजवीकडं. थोडंसंच, मग बोल्ट कसून चालवून बघा. फिन बसवल्यावर हे पुन्हा जुळवावं लागतं.

पंख्याभोवतीच्या जाळीबद्दल बचावाच्या कामातले लोक नेहमी विचारतात. जाळी पाण्याला अडवते, बोट उठायला जड जाते, आणि पुराच्या पाण्यातला कचरा, चिंध्या, कडबा तिच्यात भरतो. जाळी लावायची ठरली तर उठण्याची चाचणी जाळीसकट आणि पूर्ण ओझ्यासकट घ्या. जाळी असली काय नसली काय, पाण्यातल्या माणसाजवळ पोचलात की गिअर न्यूट्रल नाही, इंजिन बंद. चालवणाऱ्याच्या मनगटाला किल-स्विचची लाल दोरी बांधलेली असलीच पाहिजे.

चाचणी

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं काय झालं ते कळणार नाही. सकाळी वारा पडलेला असताना, सगळे लाइफ जॅकेट घालून, नेहमीच्या ओझ्यानं. माणसांच्या जागी वाळूच्या पिशव्या ठेवल्या तरी चालतात, पण त्या बांधून ठेवा. वहीत चार गोष्टी लिहा: थांबलेल्या बोटीपासून नाक खाली येईपर्यंतचे सेकंद, वेग किती कमी केला तरी बोट उठलेली राहते, पूर्ण थ्रॉटलचे फेरे, आणि पूर्ण थ्रॉटलचा वेग. वेग मोबाईलच्या जीपीएसवर बघा, आणि जाताना-येताना असा दोन्हीकडून घेऊन सरासरी काढा, कारण नदीत ओढ असतेच. मासेमारीवाल्यानं दुसरा आकडा जपावा, बचाववाल्यानं पहिला.

पैठणच्या नाथसागरावर असली चाचणी मनानं करू नका. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात उथळ काठांवर रोहित (फ्लेमिंगो) आणि बदकं हजारोंनी उतरतात, आणि वेगातली बोट त्यांना चरूच देत नाही. तिथं वन विभागाची परवानगी लागते. इतर धरणांवरही पाटबंधारेवाल्यांना सांगून जा, आणि बोटीची नोंदणी झालेली नसेल तर ती आधी करून घ्या.

फिन लावलेलं इंजिन ट्रॉलीवर नेताना फिनवर टेकवू नका, रस्त्यातल्या खड्ड्यांनी भोकं रुंदावतात. मे संपायच्या आत सगळे बोल्ट काढून बघा. भोकाभोवती केसासारखी चीर दिसली तर फिन उतरवा आणि प्लेट वेल्डिंगला द्या. वेल्डिंगवाल्याला सांगा, अॅल्युमिनियमचं आहे, आरगॉनवर करायचं, आणि उष्णतेनं सील जातं म्हणून गिअरचा खालचा भाग आधी खोलून सील काढून घ्यायचं.